पारमायचं तोंड

गिरजाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. नव्वद सालच्या सुमारास माझी बदली पळसमेंढ्याच्या शाळेवर झाली होती. गाव नवं, रस्ता नवा. कोणीतरी सांगितलं, तलावाच्या पारीवरून सरळ जा, गाव लागेल. तलावाच्या बांधाला इकडे पार म्हणतात. मी सायकल हातात धरून चाललो होतो आणि माझ्यापुढे एक बाई डोक्यावर मासळीची टोपली घेऊन झपाझप जात होती. टोपलीला हात लावलेला नव्हता. दोन्ही हात झुलत होते, टोपली मात्र जागची हलत नव्हती.

पारीच्या मधोमध एक शेंदूर लावलेला दगड होता, तलावाकडे तोंड केलेला. तिथवर आल्यावर ती बाई सरळ वाट सोडून पाण्याच्या बाजूला उतरली, दगडाच्या पुढून वळसा घेऊन पुन्हा वाटेवर आली. मी आपला सरळच निघालो होतो.

"गुरुजी, तिकून नाई. इकून या," ती मागे न पाहताच म्हणाली. "मायच्या पाठीमागून कोनी जात नाई."

मी सायकल मुकाट्याने वळवली. मग विचारलं, "मी गुरुजी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"सायकलचा आवाज येऊन राह्यला ना. सायकल असून पायी कोन चालते? गुरुजीच."

ही गिरजाबाईंची ओळख. पुढे मी त्या गावात बरीच वर्षं राहिलो, त्यांची पोरं माझ्या हाताखालून गेली, आणि निवृत्तीनंतर चंद्रपुरात राहायला आलो तरी पावसाळ्यात एकदा पळसमेंढ्याला जाऊन येतो. पण गिरजाबाई म्हटलं की मला आधी त्यांची ती चाल आठवते, आणि पारमायपाशी घेतलेला तो वळसा.

गिरजाबाई जातीनं ढिवर. नवरा केवळराम तलावात जाळं टाकायचा, शिंगाडे लावायचा, उरलेला वेळ ओसरीवर बसून जाळी विणायचा. तो कमी बोलायचा. घरातलं बोलणं सगळं गिरजाबाईंकडे असायचं. ढिवरांची घरं पारीच्या अगदी पायथ्याशी होती. त्यांच्या अंगणात उभं राहिलं की डोक्याच्या वर पार दिसायची, आणि पारीच्या पलीकडे, न दिसणारं, गावभराच्या धानाचं पाणी.

पारमाय ही त्या पारीची देवी. तिची दिवाबत्ती गिरजाबाईंच्या घराकडे चालत आली होती. दर सोमवारी त्या तिला धुऊन शेंदूर लावायच्या. माय तलावाकडे पाहते म्हणून पाणी आपल्या जागी राहतं, असं गावात सगळे मानत. म्हणून तिच्या पाठीमागून कोणी जायचं नाही. बैल नेणाराही बैल पुढून न्यायचा. त्यामुळे तिच्या पाण्याकडच्या बाजूला दगडांवरून पायवाट पडली होती, आणि गावाकडच्या बाजूला चांगली रुंद जागा असून तिथे कमरेएवढं गवत माजायचं.

एरवी यात काही अडचण नव्हती. उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जाई की मायपुढच्या दगडांवर पोरं जांभळं खात बसत. पण तलाव मोठा होता, लांबट. तीन बाजूंनी जंगलाच्या टेकड्या, आणि पश्चिमेला टेकड्यांमधून एक खिंड. पोळ्याच्या आधी तलाव तुडुंब भरला आणि त्या खिंडीतून वारा सुटला की लाटा थेट तिकडून धावत येत आणि पारीवर आदळत. बाहेरच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही. तलावाला कुठे लाटा असतात का, असं मीही म्हणालो होतो. गावात म्हणत, "तलाव उठला." तलाव उठला की ढिवर आपले डोंगे, म्हणजे लहान होड्या, पलीकडे टेकडीच्या आडोशाला नेऊन बांधत. लाट पारीच्या दगडांवर चढे, तुषार वाटेवर पडत, आणि उतरताना ती दगडांमधली माती थोडी थोडी घेऊन जाई.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो की दोन हजार तीन सालच्या पावसाळ्यात गिरजाबाईंची धाकटी मुलगी रिंकू या पारीवर धावत होती.

रिंकू माझी विद्यार्थिनी. अभ्यासात बेताची, पण कबड्डीत तिला पकडायला तिघी लागत. बारावी झाल्यावर तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. मागच्या भरतीत बाकी सगळं जमलं आणि धावण्यात ती थोडक्यात राहिली. तिचं लग्न मूल गावाकडच्या एका घरी बोलून ठेवलेलं होतं. पाहुणे भले होते. एक भरती आणखी पाहू, असं त्यांनीच म्हटलं होतं. पण एकच. ती पोळा झाल्यावर होती.

धावायला जागा दुसरी नव्हती. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीचं पाणी भरलेलं, रस्त्याचा मुरूम वाहून गेलेला, आणि शाळेचं मैदान पावसाळ्यात दुसरा तलावच व्हायचं. घट्ट आणि लांब अशी एकच वाट होती, पारीवरची. रोज सकाळी तीवर रिंकू धावायची आणि तिच्यासोबत सोमाजीभाऊंचा आदेश. सोमाजीभाऊ गावातले मोठे शेतकरी. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचं हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. आदेशलाही भरतीत जायचं होतं.

गिरजाबाई पारीच्या टोकाशी मासळी निवडत बसायच्या आणि दोघांवर नजर ठेवायच्या.

"आदेश, तुह्यापरस त सोमाजीभाऊचा बैल बरा पळते बापा!"

"काकू, बैलाले मागून हाणतेत. मले कोन हाणते?"

"मी हाणीन ना. मरळ हाय हाती, ये असा!"

रिंकू तोवर पुढे निघून गेलेली असे. ती बोलत नसे. श्वास जाईल म्हणून.

त्या वर्षी श्रावणाच्या सुरुवातीलाच झड लागली. पाऊस उघडला, पण वारा राहिला. सकाळी मी तलावाकडे गेलो तेव्हा पाणी मातकट झालेलं होतं आणि लाटांचा आवाज शाळेपर्यंत येत होता. गिरजाबाईंनी रिंकूला अडवलं होतं.

"आज नको वो. तलाव उठला हाय."

"आई, रोज रोज उठते तो. भरती काय थांबून राह्यते?"

"मंग वाटेच्या गावाकडच्या काठानं धाव. पान्याकडं पाय टाकू नको."

"हावो, हावो."

आणि दोघं खरोखरच गावाकडच्या काठानं धावत होती. सगळी पार ती तशीच धावत, फक्त पारमायपाशी आली की पाण्याकडे वळत. लाट चढून उतरेपर्यंत थांबायचं, आणि ती उतरली की दगडांवरून पळत पलीकडे जायचं. त्यांनी त्याचा खेळच केला होता. मायच्या मागे एवढी मोठी कोरडी जागा होती, पण तिकडून जावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर पाहणाऱ्या आम्हा कोणाच्याही मनात आलं नाही. मी त्या दगडाला पुढूनच वळसा घालत इतकी वर्षं चाललो होतो की माझेही पाय आपोआप तिकडे वळत.

गिरजाबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या आपली टोपली उचलून मायजवळ येऊन बसल्या. परतीच्या फेरीत रिंकू निघून गेली. आदेश लाट उतरायची वाट पाहून मग पळाला. त्याची काही चूक झाली नाही. लाटही मोठी नव्हती. पण त्याच्या पायाखालच्या दगडाची माती आधीच्या लाटांनी नेली होती. दगड कलंडला आणि आदेश त्याच्यासोबत खाली गेला.

आदेशला पोहता येत होतं. तलावाकाठच्या पोराला पोहणं कोणी शिकवत नाही. पण ते पोहायचं पाणीच नव्हतं. लाट त्याला उचलून दगडांवर आणायची, आणि तो दगडाला धरतो न धरतो तोच ओढून न्यायची. रिंकू धावत मागे आली आणि उडी टाकायला वाकली. गिरजाबाईंनी तिच्या दंडावर एक चापट मारली.

"तू माहे पाय धर!"

डोंगा ढकलायचा लांब बांबू पारीवर पडलेला होता. तो घेऊन त्या दगडांवर पालथ्या झाल्या. रिंकू त्यांच्या पायांवर बसली.

"दगडाले नको धरू, आदेश! बांबू धर! अरे बांबू धर ना रे बापा!"

त्यानं धरला. लाट आली तेव्हा गिरजाबाईंनी ओढलं, लाट गेली तेव्हा नुसतं धरून ठेवलं. तोवर मी आणि रस्त्यानं जाणारा एक माणूस पोचलो होतो. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला वर घेतलं. पोराच्या पायाची नळी मोडली होती. तो रडत नव्हता, फक्त "माही भरती, माही भरती" म्हणत होता. गिरजाबाईंचे कोपर सोलवटून निघाले होते. त्यांनी पदर पिळला, आदेशच्या डोक्याखाली दिला आणि त्याला म्हणाल्या, "जीव हाय त भरती दरसाल हाय."

मग त्यांनी रिंकूकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. कारण रिंकूला दरसाल नव्हती.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे माणसं जमली. सोमाजीभाऊ तालुक्याच्या दवाखान्यातून नुकतेच आले होते, झोप नसल्यानं डोळे लाल होते. ते बोलले तेही हळू आवाजात.

"दिवाळीपर्यंत पारीवर कोनी धावायचं नाई. कामासाठी जा-ये करा, पन धावनं बंद. माह्या पोराचं झालं ते बस झालं."

केवळरामनं मान हलवली. बायकांमध्ये बसलेल्या गिरजाबाई उठल्या आणि घरी गेल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. रिंकू गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती. तिचे धावायचे बूट खुंटीला नाडीनं टांगलेले होते. गिरजाबाई चुलीपुढून बोलत होत्या.

"गुरुजी, तुमीच सांगा इले. सोमाजीभाऊले मी समजावून सांगीन. मायच्या मागून जाते म्हनलं, पान्याकडं पाय टाकत नाई म्हनलं, त भाऊ आयकतीन. पन हे पोट्टी आयकून नाई राह्यली."

"मागून मी जानार नाई," रिंकू म्हणाली.

"काऊन नाई? मी सांगून राह्यली ना! मायची सेवा माह्याकडं हाय का तुह्याकडं?"

"तूच सांगतलं होतं ना, कोनी मागून जात नाई म्हनून. लहानपनी मी एकडाव गेली त तू मले पारीवरच बदडलं होतं. आठोते का?"

गिरजाबाईंना हसू आलं. "बदडलं होतं खरं."

"मंग? मागून पळून मी भरती झाली, त मायले नारळ कोन्या तोंडानं देऊ?"

गिरजाबाईंनी चुलीत लाकूड सारलं. मी रिंकूला समजावण्याचा प्रयत्न केला, पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिच्यात आदर होता आणि नकारही होता. ही नजर मी वर्गातही पाहिली होती. केवळराम जाळं विणत होता. तो एकदाच बोलला. "माहेरचं डोकं हाय," म्हणाला. कोणाचं माहेर, हे सगळ्यांना कळलं.

गिरजाबाईंनी त्या रात्री काय विचार केला ते मला ठाऊक नाही. दोन दिवसांनी मी आदेशला पाहायला सोमाजीभाऊंकडे गेलो, तर त्या आधीच तिथे बसलेल्या होत्या. आदेश खाटेवर, पायाला प्लॅस्टर. त्याची आई सुगंधाबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. सोमाजीभाऊ झुल्यावर.

"भाऊ, येक गोस्ट करायची हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "मायले फिरवून ठेवू."

"म्हंजे?"

"तिचं तोंड गावाकडं करू. मंग पुढून जानं म्हंजे गावाकडून जानं. पान्याकडची बाजू तिची पाठ होईन. तिकडं कोनीच जानार नाई. धावनारा नाई, बैलवाला नाई, शाळेचे पोट्टे नाई."

सोमाजीभाऊंचा झुला थांबला. "डोकं फिरलं का तुहं, गिरजा? माय पान्याकडं पायते म्हनून पार टिकून हाय. आजोबाच्या वेळेपासून पायते."

"उन्हाळ्यात पारीवर माती टाकतो तवा आपन तिले उचलतोच ना? कापडावर ठेवतो, काम झालं का परत बसवतो. तवा ते कुठी पायते पान्याकडं?"

"तवा पानी नसते."

"हावो, नसते."

मला वाटलं, विषय संपला. तेवढ्यात सुगंधाबाई सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "आदेश तिच्या नजरेपुढंच त पडला."

"तू काय म्हनून राह्यली?" सोमाजीभाऊ म्हणाले.

"मी काई नाई म्हनून राह्यली. ते पान्याकडं पाहून राह्यली होती. पोरगं तिच्या पायाशी होतं." त्यांनी एक खडा काढून बाहेर टाकला. "बाई मानूस हाय. दोन्हीकडं कसं पायन?"

आदेश खाटेवरून म्हणाला, "बाबा, मायचं तोंड तिकडं होतं म्हनूनच मी तिकडं वळलो. नाई त सगळी पार मी गावाकडूनच धावत होतो. रिंकू बी."

सोमाजीभाऊ उठून दारापर्यंत गेले. तिथून पार दिसायची.

"अन् पार फुटली त?"

"त पयलं पानी माह्या घरात येईन," गिरजाबाई म्हणाल्या. "तुमचं घर वर हाय. आमचं खालीच हाय, पारीले पाठ लावून. मी माह्या घरावरून सांगून राह्यली, भाऊ. तुमच्या घरावरून नाई."

सोमाजीभाऊंनी मान हलवली. सुगंधाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

पण सोमाजीभाऊ सोमाजीभाऊच. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, तोंड पाणी भरलेलं असेपर्यंतच गावाकडे राहील, कार्तिकात पुन्हा तलावाकडे करायचं. दुसरी, वारा जोराचा असेल त्या दिवशी कोणीच पारीवर धावायचं नाही, आणि ते गिरजाबाईंनी पाहायचं. गिरजाबाईंनी दोन्ही मान्य केल्या. दुसरी तर त्यांना मनापासून मान्य होती.

सोमवारी सकाळी गावातली बरीच माणसं पारीवर आली. वारा मंद होता. गिरजाबाईंनी मायला धुतलं, हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. केवळराम आणि सोमाजीभाऊ यांनी दोन्हीकडून हात घालून दगड उचलला. तो दिसतो त्याहून जड होता. फिरवून पुन्हा ओट्यावर टेकवला तेव्हा मायच्या कपाळावरचा ताजा शेंदूर आमच्या सगळ्यांकडे होता. आजवर ती आम्हाला गावातून येताना पाठच दाखवत आली होती. एक म्हातारी पुढे येऊन तिला नीट न्याहाळत म्हणाली, "गावाकडं पायताना अशी दिसते होय!"

मग पोरांनी विळ्यांनी गावाकडचं गवत कापलं आणि त्या दिवसापासून वाट तिथून सुरू झाली.

रिंकूनं बूट घातले. मायपुढे वाकली आणि गावाकडच्या बाजूनं निघाली. दुसऱ्या बाजूला, मायच्या पाठीमागे, लहान लाटा दगडांना लागत होत्या. ती धावत धावत मायपुढून गेली तेव्हा थांबली नाही की वळली नाही. सरळ गेली. गिरजाबाई टोकाशी टोपलीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या हातातली मासळी हातातच राहिली होती.

त्या पावसाळ्यात गिरजाबाईंनी रिंकूला कितीदा तरी पारीवरून परत पाठवलं. सकाळी त्या आधी येऊन पाण्याकडे पाहत. लाट पारीच्या वरच्या दगडापर्यंत चढताना दिसली की त्या बांबू आडवा धरून वाटेत बसत. रिंकू चिडायची, घरी जाऊन अंगणातच उठाबशा काढायची. एकदा आदेश कुबड्या घेऊन आला होता, तो म्हणाला, "काकू, तुमीच पोलिसात जा. भरतीची गरज नाई." गिरजाबाई म्हणाल्या, "मले बूट होत नाई."

पोळा झाला. रिंकू केवळरामसोबत गडचिरोलीला गेली. परत आली त्या संध्याकाळी ती आधी घरी गेली नाही. एसटीतून उतरून सरळ पारीवर गेली आणि मायपुढे नारळ फोडला. गिरजाबाईंनी खालून, अंगणातून, नारळ फुटल्याचा आवाज ऐकला. त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी भाताचं आधण चुलीवरून उतरवलं आणि आत जाऊन गूळ शोधू लागल्या.

रिंकूला पहिली नेमणूक सिरोंच्याकडे मिळाली. लग्नही झालं, मूलच्याच घरी. आदेश पुढच्या वर्षी उभा राहिला, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. आता तो शेती पाहतो, आणि दर पावसाळ्यात आणि कार्तिकात माय फिरवायची तेव्हा केवळरामच्या जागी एका बाजूनं हात तोच लावतो. केवळरामच्यानं आता उचलवत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा रिंकू रजेवर आलेली होती. आम्ही तिघं पारीवरून चाललो होतो. गिरजाबाई आता टोपली घेत नाहीत, पण चाल तीच आहे. तलाव भरलेला, वारा बराच होता. मायपाशी आल्यावर गिरजाबाईंचे पाय जुन्या सवयीनं पाण्याकडे वळले. रिंकूनं मागून त्यांचा पदर धरला.

"आई, इकून."

गिरजाबाई थांबल्या. एक लाट चढली आणि मायच्या पाठीवर फुटली. त्या गावाकडून फिरून मायपुढे आल्या आणि तिला म्हणाल्या, "चुकली वो माय. पन्नास साल तिकूनच गेली ना."

मग टोकाशी धावायला आलेली दोन पोरं दिसली तशी त्या तिथूनच ओरडल्या, "ए पोट्टेहो! आज नाई! तलाव उठला हाय, दिसत नाई का?"

पोरं मुकाट्यानं बूट हातात घेऊन उतरली.